वसईचे फिरंगी का रुजले नाहीत?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत पाच कोटींहून अधिक माणसे युरोप सोडून समुद्रापार गेली. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला, दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने आणि तापाने मेली आणि त्याहून अधिक माणसे जहाजाने देश सोडून गेली. जर्मनीत वाटण्या होऊन होऊन शेतांचे तुकडे पडत गेले, दक्षिण इटलीत खंडाने आणि कर्जाने कुळांचे कंबरडे मोडले. पलीकडे अमेरिकेच्या सरकारने १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर जमीन जवळपास फुकट देऊ केली होती. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावरून १८९२ ते १९५४ या काळात सुमारे एक कोटी वीस लाख लोक त्या देशात शिरले. काही परतले, बहुतेकांनी तिथेच घर केले. हा इतिहास आपल्याला दूरचा वाटतो, कारण गोरे लोक आपल्याकडे आले ते व्यापाराला आणि राज्य करायला, राहायला कधी आलेच नाहीत, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. आपल्याच कोकणपट्टीत, चौलपासून दमणपर्यंत, पोर्तुगालहून आलेली कुटुंबे दोनशे वर्षे घरे बांधून, गावे नावावर करून, लेकीसुनांचे संसार मांडून राहत होती. १७३९ च्या मे महिन्यात वसई मराठ्यांच्या हाती पडली आणि आठवडाभरात ती कुटुंबे निघून गेली. दोन शतके राहिलेली माणसे इतक्या चटकन कशी उठतात, या प्रश्नाचे उत्तर मराठ्यांचे सेनानी चिमाजी अप्पा यांच्या तोफांत जेवढे आहे, त्याहून अधिक साष्टी आणि वसईच्या भातखाचरांत आहे, असे माझे म्हणणे आहे.

गाव सोडणे आणि दुसरीकडे वसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बीड जिल्ह्यातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. नांदूरघाट, केज, धारूर, वडवणी या पट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पट्टा पडला की परततात. कारखान्याच्या गावात कोपी उभी राहते, घर उभे राहत नाही. लिस्बनहून गोव्याला निघणारा सोळाव्या शतकातला शिपाई आणि आपला तोडकरी यांची बरोबरी होत नाही. एकाच्या हातात बंदूक होती, दुसऱ्याच्या हातात कोयता आहे. पण परतायचे मनात धरून निघालेला माणूस आणि परतायचेच नाही असे ठरवून निघालेला माणूस यांच्यातला फरक त्या काळातही तितकाच खरा होता, आणि पोर्तुगालहून निघालेले बहुतेक पहिल्या प्रकारातले होते.

पोर्तुगाल हा लहान देश. सोळाव्या शतकात त्याची लोकसंख्या बारा-पंधरा लाखांच्या घरात होती. उत्तरेकडचा मिन्यो प्रांत दाट वस्तीचा आणि तोकड्या जमिनीचा. बड्या घराण्यांत मालमत्ता थोरल्या मुलाकडे जाई, धाकट्यांना एक तर चर्चची वाट किंवा तलवारीची. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यावर या धाकट्यांना आणि भुकेल्या शिपायांना समुद्राची वाट मोकळी झाली. तुरुंगातल्या गुन्हेगारांनाही हद्दपारीची शिक्षा म्हणून इकडे पाठवले जाई. मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडायचे, आफ्रिकेला वळसा घालायचा, मोसमी वारा पकडायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोवा गाठायचे, असा सहा महिन्यांचा प्रवास. एकेका जहाजात पाच-सहाशे माणसे कोंबलेली, ताज्या भाजीपाल्याविना हिरड्या सुजवणारा स्कर्व्ही रोग, आणि वाटेतच समुद्राच्या हवाली होणारी प्रेते. या जहाजांवर बायका फार थोड्या असत. वसाहतीच्या इतिहासात ही बाब किरकोळ समजली जाते, पण माझ्या मते पुढच्या सगळ्या कथेचे एक मूळ तिथे आहे. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजाने १०२ माणसे अमेरिकेला नेली तेव्हा त्यात बायकामुलांसह निघालेली अख्खी कुटुंबे होती. पहिल्याच हिवाळ्यात निम्मी माणसे मेली, तरी उरलेल्यांची वस्ती झाली. लिस्बनहून येत होती ती बहुतांशी एकटी, तरुण आणि सशस्त्र माणसे.

अफोन्सो द अल्बुकर्क याला ही अडचण सर्वांत आधी उमगली. नोव्हेंबर १५१० मध्ये त्याने आदिलशाहीकडून गोवा कायमचे घेतले आणि आपल्या शिपायांनी इथल्या बायकांशी लग्ने करावीत म्हणून जमीन, घर, पैसा अशी आमिषे दाखवली. त्या बायकांपैकी अनेकजणी नुकत्याच झालेल्या कत्तलीत घरचे पुरुष गमावलेल्या होत्या. हे लग्न त्यांच्या मर्जीचे होते असे म्हणायला जागा नाही. अशा विवाहित, नोकरीतून मोकळ्या झालेल्या वसाहतकऱ्याला पोर्तुगीज ‘काझादो’ म्हणत. पोर्तुगालहून माणसे पुरी पडणार नाहीत, तेव्हा इथेच माणसे निपजवावी, असा हा हिशेब होता. पुढे सोळाव्या शतकाच्या मध्यापासून लिस्बनच्या राजाश्रयातल्या अनाथ मुली जहाजाने गोव्याला पाठवण्याची प्रथा पडली. त्यांच्याशी लग्न करणाऱ्याला हुंडा म्हणून सरकारी हुद्दा किंवा उत्तरेकडची गावे मिळत. पण एका वेळी येणाऱ्या मुली मोजक्याच असत, त्यामुळे वसाहतीतला बहुतेक समाज मिश्र रक्ताचाच राहिला.

‘उत्तर प्रांत’ म्हणून पोर्तुगीज ज्याला ओळखत, तो मुलूख टप्प्याटप्प्याने त्यांच्या हाती आला. १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने त्यांनी चौलला पाय रोवला. बीड परगणा त्या काळी निजामशाहीच्या छायेत होता आणि चौल हे निजामशाहीचे समुद्राकडचे दार होते. अरबी घोडे त्याच वाटेने घाटावर येत. ही मैत्री कायम राहिली नाही. केजच्या शेजारचा धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान याच्याकडून ज्या मुर्तझा निजामशहाने जिंकून घेतला, त्यानेच थोड्याच काळाने, १५७० च्या अखेरीस, चौलला वेढा घातला. पोर्तुगीजांनी कित्येक महिने झुंज देऊन चौल राखले. त्याआधी, डिसेंबर १५३४ मध्ये, हुमायूनच्या स्वारीने धास्तावलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या हाताखालची साष्टी, मुंबईसह सारी बेटे पोर्तुगीजांना देऊन टाकली होती. १५५९ मध्ये दमण आले. गोवा हे राजधानीचे शहर खरे, पण सुपीक जमीन आणि सुखाचा वसूल या उत्तर पट्ट्यात होता. खानदानी घराण्यांची वसई किल्ल्याच्या तटाआड दिमाखदार झाली. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सगळ्या पंथांचे मठ तिथे उभे राहिले.

सगळेच पैशासाठी आले नव्हते. युरोपातून माणसे बाहेर पडण्याचे एक मोठे कारण धर्मछळ होते, आणि त्याची दोन ठळक उदाहरणे मराठी मुलखाशी निगडित आहेत. गार्सिया द ऑर्टा हा वैद्य मूळ ज्यू कुटुंबातला. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना हाकलले तेव्हा त्याचे आईवडील पोर्तुगालमध्ये आले आणि तिथे त्यांना बळाने ख्रिस्ती केले गेले. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मन्यायालयाचे सावट पडू लागले तेव्हा, १५३४ मध्ये, ऑर्टा लिस्बनहून निघाला तो परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, त्याच्या दरबारातल्या हकिमांशी औषधांची चर्चा केली. मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले होते आणि तिथल्या आपल्या वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याच्या झाडाचा उल्लेख त्याने आवर्जून केला आहे. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. ज्या भीतीने त्याने घर सोडले ती मात्र त्याच्या मागोमाग आली. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय बसले. ऑर्टा १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली गेली. दुसरा थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज कॅथलिक. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये त्याच्या श्रद्धेला जागा नव्हती. १५७९ मध्ये तो जेझुइट म्हणून गोव्यात आला, चाळीस वर्षे राहिला, तिथेच वारला आणि १६१६ मध्ये त्याने मराठीत ख्रिस्तपुराण रचून दिले. एक कॅथलिकांच्या जाचाने पळाला, दुसरा कॅथलिक असल्यामुळे. घर सोडून इथलेच होऊन गेलेले युरोपीय कोण, असे विचारले तर मी ही दोन नावे आधी घेईन. पण अशी माणसे अपवाद होती, आणि अपवादांवर वस्ती उभी राहत नाही.

वस्ती उभी होती ती गावांच्या वसुलावर. उत्तर प्रांतातली गावे काझादो आणि खानदानी मंडळींना बहुधा तीन हयातींच्या पट्ट्याने दिली जात: घेणारा, त्याचा वारस आणि त्या वारसाचा वारस. बदल्यात ठराविक खंड सरकारात भरायचा आणि लढाईसाठी घोडा व हत्यारे बाळगायची. भात, मिठागरे, वसईच्या वाड्यांतला ऊस आणि केळी, जंगलातले सागवान, इमारतीचा दगड, या साऱ्यांवर मालकी फिरंग्याची होती. शेतात उतरणारा मात्र तो नव्हता. खाचरात चिखलणी कुणबी आणि आगरी करीत, वाड्या वाडवळ शिंपीत, मासेमारी कोळी करीत, जंगल वारली आणि कातकरी तोडीत. पोर्तुगीज कागदांत या कुळांना जमिनीला बांधलेली माणसे म्हणूनच वागवले आहे. गाव हस्तांतरित झाले की तीही त्याबरोबर नव्या मालकाकडे जात. पट्टेदार स्वतः वसईच्या तटाआड किंवा ठाण्याच्या वाड्यात राही. शेत, शेतकरी आणि शेतमालक यांच्यातले हे अंतर दोनशे वर्षांत कमी झाले नाही.

आकड्यांकडे पाहिले की चित्र स्पष्ट होते. १६३५ मध्ये अंतोनियो बोकारो याने पूर्वेकडच्या सर्व पोर्तुगीज ठाण्यांचे वर्णन लिहिले. त्यात वसईच्या काझादो कुटुंबांची संख्या चारशेच्या आसपास आहे आणि मुंबईत तर अवघी अकरा पोर्तुगीज कुटुंबे आहेत. शंभर वर्षांच्या सत्तेनंतरची ही गोळाबेरीज आहे. पुढे ती वाढण्याऐवजी खचत गेली. डचांनी १६४१ मध्ये मलाक्का, १६५६ मध्ये कोलंबो, १६६३ मध्ये कोची घेतली. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात गेली. १६६५ मध्ये ती प्रत्यक्ष ताब्यात देण्याचा दस्त बेटाची मालकीण दोना इनेज द मिरांदा या विधवेच्या घरात झाला. मस्कतच्या अरबांनी १६७४ मध्ये थेट वसईवर धाड घातली. १६९५ मध्ये आलेल्या जेमेल्ली करेरी या इटालियन प्रवाशाला वसईचा उत्तरेकडचा सुमारे एक-तृतीयांश भाग रोगराईने ओस पडलेला दिसला. त्याच दशकात ब्राझीलमध्ये सोने सापडले, आणि पोर्तुगालमधून जो निघे तो तिकडेच जाई. ब्राझील जवळ होते, जमीन अफाट होती आणि प्रवासात जीव वाचण्याची शक्यता अधिक. मिन्यो प्रांत इतका रिता होऊ लागला की १७२० मध्ये राजाला कायदा करून ही रीघ आवरावी लागली. वसईकडे कोणी फिरकेना. मराठ्यांची फौज साष्टीच्या खाडीवर आली तेव्हा समोर जी वस्ती होती, तिला तिच्याच मायदेशाने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मनातून सोडून दिले होते.

याला जोड मिळाली ती धर्माच्या जुलमाची. देवळे पाडणे, हिंदूंच्या उघड सणसमारंभांवर बंदी, अनाथ मुलांना चर्चच्या ताब्यात देणे, हे सारे कायद्याने चालले होते. गोव्यात धर्मन्यायालय होते आणि त्याचा हात उत्तर प्रांतापर्यंत पोहोचत असे. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊबंद, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे अशा स्थानिक वतनदारांनी पुण्याला गाऱ्हाणी नेली, वाटा दाखवल्या, माणसे जमवली. साष्टीच्या बखरीत त्यांची हकीकत आली आहे. बखरीला वतनाचा दावा सांगायचा असतो, म्हणून तिच्यातला शब्दन् शब्द प्रमाण धरू नये. पण मोहिमेला आतून साहाय्य होते, ही गोष्ट तिच्या घडणीवरूनच दिसते.

१७३७ च्या वसंतात मराठे ठाण्याची खाडी उतरून साष्टीत शिरले. ठाण्याचा कोट अजून बांधूनही पुरा झाला नव्हता. तो पाहता पाहता पडला आणि बेटातली गावे हातची गेली. तिथे पोर्तुगीजांसाठी शेतकरी मोठ्या संख्येने उठून लढल्याचे दिसत नाही. वसई मात्र दोन वर्षे टिकली, कारण वसई म्हणजे तट होता. तिन्ही बाजूंनी पाणी आणि दलदल, फक्त उत्तरेला वाळूची जमीन. सुरुवातीचे हल्ले मराठ्यांना महाग पडले. १७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांनी माहीम, तारापूर ही ठाणी घेतली आणि फेब्रुवारीपासून वसईला निर्णायक वेढा पडला. आतल्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे हात पसरले. त्यांनी चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण घेऊन थोडी रक्कम दिली, फौज दिली नाही. किल्लेदार सिल्व्हेरा द मेनेझेस पडला, त्याच्या जागी आलेल्या काएतानो द सौझा परेरा याने झुंज चालू ठेवली. मराठ्यांनी वाळूतून मोर्चे सरकवले, तटाखाली सुरुंग पोहोचवले. मेच्या मध्याला बुरूज उडाले, मोठ्या प्राणहानीनंतर भगदाडात पाय रोवला गेला आणि किल्ल्याने तहाचे निशाण दाखवले. तहाच्या अटी उदार होत्या. फौजेला हत्यारांसह मानाने जाऊ द्यायचे, आठ दिवसांची मुदत, ज्यांना राहायचे त्यांना राहू द्यायचे, आणि ख्रिस्ती प्रजेसाठी तीन चर्च चालू ठेवायची. स्वतःची हजारो माणसे गमावलेल्या विजेत्याने दिलेल्या या अटी आहेत, हे विसरू नये.

म्हणजे राहण्याची मुभा होती. तरी पट्टेदार, हुद्देदार, मठांतले पाद्री आणि त्यांची घराणी मुंबईच्या वाटेने गोव्याकडे गेली. १७४० मध्ये चौल आणि कोरलईही त्यांनी मराठ्यांच्या स्वाधीन केले. याच्या शेजारी दुसरा एक पराभव ठेवून पाहावा. १७५९-६० मध्ये इंग्रजांनी कॅनडातले फ्रेंचांचे क्वेबेक आणि माँट्रियल घेतले आणि १७६३ च्या पॅरिस तहाने फ्रान्सने तो मुलूख सोडला. तिथेही ज्यांना जायचे त्यांना जाण्याची मुदत दिली होती. अधिकारी आणि बडे व्यापारी गेले. साठ-सत्तर हजार फ्रेंच शेतकरी मात्र जागचे हलले नाहीत. आजही क्वेबेकची भाषा फ्रेंच आहे. १६६४ मध्ये न्यू ॲमस्टरडॅमवर डचांच्या जागी इंग्रजी झेंडा चढला आणि गावाचे नाव न्यूयॉर्क झाले, तरी डच कुटुंबे तिथेच राहिली. आफ्रिकेच्या केपमध्ये डच कंपनीने १६५२ मध्ये ठाणे घातले, १६५७ पासून शेतकरी वसवले. पुढे १७९५ आणि १८०६ मध्ये इंग्रज आले तरी ते बोअर शेतकरी गेले नाहीत. राज्य बदलले तरी जमिनीवरचा माणूस राहतो, आणि वसुलावरचा माणूस राज्याबरोबर जातो. वसईत दुसऱ्या प्रकारची माणसे होती.

यावर पहिला आक्षेप हवामानाचा येईल: उष्ण, दमट, तापाच्या मुलखात युरोपीय तगूच शकत नव्हता. मुंबईतल्या इंग्रजांच्या मृत्यूंकडे पाहता यात तथ्य आहे. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६६८ नंतरच्या वर्षांत मुंबईत इंग्रज बायका पाठवून वस्ती वाढवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. पण ब्राझीलचा बाहिया आणि पेर्नांबुको हा प्रदेशही उष्ण आणि रोगट होता आणि तिथे तीच पोर्तुगीज माणसे लाखांनी वाढली. वसईतही सात-आठ पिढ्या नांदल्या. हवेने वस्ती विरळ केली, उपटली नाही. दुसरा आक्षेप असा की सारा दोष धर्मछळाचा. छळाने मराठ्यांना मित्र मिळवून दिले, हे वर मी मांडलेच आहे. पण तेच धर्मन्यायालय, तेच कायदे गोव्यात होते आणि गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगालकडे राहिला. त्या साडेचारशे वर्षांतही गोव्यात पोर्तुगीज वंशाची घराणी मूठभरच राहिली, जमीन कसणारा गोंयकारच राहिला, आणि डिसेंबर १९६१ नंतर त्यांपैकी बहुतेक घराणी वसईच्याच रीतीने निघून गेली. म्हणजे छळाने सत्ता लवकर जाते की उशिरा एवढे ठरले असेल. माणसे न रुजण्याचे कारण वेगळेच होते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ब्राझीलचा ऊसमळेवाला तरी कुठे स्वतः नांगर धरत होता? केपचा बोअर गुलामांकडूनच शेत करून घेत होता. मग दुसऱ्याच्या श्रमावर जगणारा तिथे टिकला आणि इथे का टिकला नाही? याचे उत्तर श्रम करणाऱ्याच्या मागे काय उभे होते, यात आहे. ब्राझीलच्या मळ्यातला गुलाम आफ्रिकेतून तोडून आणलेला होता. त्याची भाषा, गोत, गाव सगळे समुद्रापलीकडे राहिले होते. तिथल्या मूळ रहिवाशांना देवी आणि गोवर यांनी, आणि उरलेल्यांना बंदुकीने, आधीच निकालात काढले होते. अमेरिकेच्या दोन्ही खंडांवर युरोपीयांना ‘रिकामी’ जमीन मिळाली ती अशी. आल्फ्रेड क्रॉस्बी या इतिहासकाराने हे रोगांचे साहाय्य तपशिलाने दाखवले आहे. कोकणात तसे घडणे शक्य नव्हते. देवी इथे शतकानुशतके होती, म्हणून फिरंग्यांबरोबर आलेला कोणताही रोग इथला समाज पुसून टाकू शकला नाही. खाचरात राबणारा कुणबी स्वतःच्या मातीवर उभा होता, त्याचा सोयरा खाडीपलीकडे कल्याणात होता, आणि सतराव्या शतकापासून घाटावर त्याच्याच भाषेचे राज्य उभे राहिले होते. अशा माणसाला हटवून जमीन मोकळी करता येत नाही. त्याच्यावर फक्त बसता येते. नंतरच्या इंग्रजांचेही तेच झाले. १८३३ च्या सनदी कायद्याने युरोपीयांना हिंदुस्थानात राहायला आणि जमीन घ्यायला मोकळीक मिळाली, तरी १९०१ च्या जनगणनेत साऱ्या हिंदुस्थानातले युरोपीय पावणेदोन लाखही भरले नाहीत, आणि त्यांतले पुष्कळसे शिपाई होते. आपला शेतकरी शिकलेला नव्हता, कर्जात होता, सावकाराखाली आणि पट्टेदाराखाली दबलेला होता. पण तो जागेवर होता. कोकण आणि दख्खन दुसरे अर्जेंटिना झाले नाहीत याचे पहिले श्रेय मी त्याला देतो, आणि चिमाजी अप्पांचा पराक्रम त्यानंतर मोजतो. त्याने तो जरासाही उणा होत नाही.

जे गेले त्यांच्यामागे काय उरले, हेही पाहिले पाहिजे. रेवदंड्याच्या खाडीकाठच्या कोरलई गावात आजही काही शे माणसे घरात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक बोली बोलतात. नव्या जगातली पिके पोर्तुगीज जहाजांच्या वाटेने इथे पोहोचली आणि ती मात्र पक्की रुजली: मिरची, पेरू, काजू, अननस. बालाघाटच्या डोंगरउतारांवर पिकणारे, भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळही मूळचे अमेरिकेतलेच. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्या भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीला अजून टांगलेल्या आहेत. ऑर्टाचा ग्रंथ आणि ख्रिस्तपुराण अभ्यासले जातात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, किल्ल्यातून मालक गेले तेव्हा गावांतले ख्रिस्ती शेतकरी, वाडवळ आणि कोळी गेले नाहीत. गोन्सालो गार्सिया या वसईत जन्मलेल्या, पोर्तुगीज बापाच्या आणि इथल्या आईच्या मुलाला १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत क्रूसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संतपद मिळाले. त्याची आठवण जपणारा समाज हा मागे राहिलेलाच आहे. १७३९ च्या तहाने राखलेल्या तीन चर्चच्या आधाराने त्याने आपला धर्म सांभाळला आणि भाषा कधी बदललीच नाही. मालकांच्या धर्मामुळे या समाजाला परके ठरवणारे अधूनमधून भेटतात. त्यांनी एवढेच पाहावे की फिरंगी निघून गेले तेव्हा हे लोक आपल्या वाडीत पाणी धरत होते. त्याच वसईतले धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये, आपल्या केज तालुक्याच्या शेजारच्या उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.